समजलं म्हणायची सवय

बजाजनगरातल्या आमच्या खोलीत घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. सकाळी पहिल्या पाळीच्या बसचे हॉर्न, दुपारी टिफिनच्या पिशव्या हलवत निघालेल्या माणसांच्या चपलांचा आवाज आणि दिवसभर जमिनीखालून येणारा एक ठोका, यांवर आमचं सगळं चालायचं. तो ठोका मागच्या रस्त्यावरच्या, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका प्रेस शॉपचा होता. मशीनचा दणका बसला की फळीवर उभी केलेली स्टीलची ताटं एकमेकांना हलकीच लागायची. पाहुणे दचकायचे. आम्हाला मात्र तो ठोका थांबला की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. आठ खोल्यांची ती ओळ होती, वर पत्रे, अंगणात एकच नळ. शेवटून दुसऱ्या खोलीत आम्ही तिघं राहायचो: माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, त्याची बायको मंदावहिनी आणि मी. दादा एका कंपनीत तिन्ही पाळ्यांत राबायचा. मी दुसऱ्या एका छोट्या कंपनीत पॅकिंगला होतो, खोकी चिकटवायचो, संध्याकाळी अंगाला टेपचा वास यायचा.

आम्ही पाचोडचे. आईवडील गावीच होते, शेत वडील, म्हणजे आबा, बघायचे. दादा दहावीनंतर थेट कंपनीत आला. मी बारावी दुसऱ्या खेपेला पास झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणीच चढलेलं नव्हतं. वहिनी मात्र बारावीला शाळेत पहिल्या आल्या होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आमच्याकडे आल्या. ही गोष्ट घरात कधी बोलली जात नसे. पण किराणा ज्या कागदात बांधून यायचा तो कागद वहिनी आधी सरळ करून वाचायच्या आणि मग चुलीजवळ ठेवायच्या. अर्धवट बातमी असली की पुढचं काय झालं असेल यावर त्या भाकरी थापता थापता माझ्याशी बोलायच्या. आई गावाहून येसर पाठवायची, भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. त्याची आमटी उकळायला लागली की सगळ्या ओळीला कळायचं, आज शेवटून दुसऱ्या खोलीत काय आहे ते. आजही कुठं येसराची आमटी खाल्ली की मला आधी ती चव आठवत नाही, वहिनींचा प्रश्न आठवतो: भावजी, याचा अर्थ काय?

कंपनीच्या गेटवर एकदा मुक्त विद्यापीठाचं पत्रक लागलं होतं. कामावर राहून पदवी, वयाची अट नाही, रविवारी वर्ग. मी ते जेवताना सांगितलं. वहिनींचा हात भाकरीवर थांबला आणि भाकरी एका बाजूनं जाड झाली. दादानं ते बघितलं. त्यानं माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून विचारलं, तुला करायचंय का. वहिनी काही बोलल्या नाहीत, त्याअर्थी करायचं होतं. दादानं पाणी पिऊन सांगितलं, ‘‘तीन वर्षं. काय व्हायचं ते तीन वर्षांत होऊ दे. मग आपण गावाकडं जायचं, आबाला एकट्याला शेत ओढत नाय. तिथं हे पुस्तकबिस्तक नाय चालायचं.’’ दादा शब्दाचा माणूस होता. वाईट नव्हता, पण एकदा बोलला की त्याचा शब्द त्यालाच हलवता यायचा नाही. तीन वर्षांची पदवी, तीन वर्षांची मुभा. बरोबर बसत होतं. मध्ये एक दिवसही जास्तीचा नव्हता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोघांची नावं घातली. अभ्यासकेंद्र शहरातल्या एका कॉलेजात होतं आणि दर रविवारी तिथं मी एकटाच जायचो. रविवारी दादा घरी असायचा, त्याचं जेवण असायचं, शिवाय आमच्या ओळीतल्या बायका एकट्या शहरात जात नसत आणि दिराबरोबर दर रविवारी जाणं हेही लोकांना बोलायला कारण झालं असतं. त्यामुळं ठरलं ते असं, की वर्गात मी बसायचं आणि घरी येऊन वहिनींना सांगायचं. वर्गाला संपर्क सत्र म्हणायचे. तिथं शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, एक पोलीस होता, हर्सूलहून सायकलवर येणारे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. केंद्र बघायचे ते जोशी सर. शांत, स्वच्छ कपड्यांतले, कधी आवाज न चढवणारे. त्यांच्या बोलण्यात ‘विहित मुदत’, ‘अनुषंगाने’, ‘अंतर्गत मूल्यमापन’ असे शब्द सहज यायचे. आमच्या घरात असे शब्द फक्त तहसिलातून आलेल्या कागदावर असायचे, आणि तसा कागद आला की आई देवापुढं दिवा लावायची.

इथं मला वडिलांची एक रीत सांगितली पाहिजे, कारण माझी चूक तिथून आलेली आहे. आबा कुठल्याही कचेरीत गेले की साहेब जे बोलेल त्याला ‘व्हय साहेब’ म्हणायचे. समजो न समजो. साहेबाला परत विचारणं म्हणजे त्याचा वेळ खाणं, आणि आपण अडाणी आहोत हे स्वतःच्या तोंडानं सांगणं. मग बाहेर येऊन ते शिपायाशेजारी बसायचे, तंबाखू पुढं करायचे आणि विचारायचे, साहेब काय म्हणले रे. शिपाई सगळं नीट सांगायचा. लहानपणी आबांबरोबर मी हे इतक्यांदा पाहिलं होतं की मला ती कचेरीत वागायची पद्धतच वाटायची: आत हो म्हणायचं, बाहेर विचारायचं. जोशी सर प्रत्येक तासाच्या शेवटी विचारायचे, समजलं ना, काही शंका? मी पहिल्या बाकावर असायचो आणि सगळ्यात आधी म्हणायचो, हो सर. बाहेर येऊन मी इकडंतिकडं बघायचो. रविवारी कॉलेजला शिपाई नसायचा.

पण घरी वहिनी वाट बघत असायच्या. दादाला कंपनीकडून मिळालेली एक जुनी डायरी त्यांनी घेतली होती. डाव्या पानावर त्या नवा शब्द लिहायच्या आणि उजव्या पानावर अर्थ, आणि अर्थाखाली कंसात तो कुठून मिळाला ते. शाळेतल्या मास्तरांनी त्यांना तशी सवय लावली होती. पुस्तिकेत सापडला तर पान नंबर, मी सांगितला तर ‘भावजी’. त्या पुस्तिकेला माहितीपुस्तिका म्हणायचे, फिकट पोपटी कव्हरची, सगळे नियम तिच्यात होते. मी ती अर्धीसुद्धा वाचली नव्हती. वहिनींनी दोनदा वाचली होती, पण त्यांना वाटायचं, प्रत्यक्ष सरांकडून ऐकून येणाऱ्याला जास्त कळत असणार. स्वाध्याय म्हणजे घरून उत्तरं लिहून केंद्रावर द्यायची, हे मी बरोबर सांगितलं. श्रेयांक म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मार्कच, फक्त चांगल्या कपड्यातले. वहिनी हसल्या आणि तसंच लिहून घेतलं. श्रेयांक म्हणजे मार्क नव्हेत, एखाद्या विषयाला किती तास अभ्यास लागेल त्याचं ते माप असतं, हे मला फार उशिरा समजलं. त्या चुकीनं कुणाचं नुकसान झालं नाही. पण चुकीचं सांगूनही काही होत नाही, हे मात्र मी त्यातून शिकलो.

खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. दिवसभर खोकी चिकटवणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुणीतरी अर्थ विचारतं आणि तो सांगेल ते शाईनं लिहून घेतं. नळावर ही गोष्ट पसरली. ओळीतली माणसं मला प्रोफेसर म्हणायला लागली. कुणाच्या बँकेचा कागद, कुणाच्या मुलीचा शाळेचा दाखला, सगळं माझ्याकडे यायचं, आणि मी कागद हातात घेऊन कपाळाला आठी घालायचो. दादा पाळीहून आला की चपला काढता काढता विचारायचा, ‘‘काय प्रोफेसर, आज कोणाला शिकवलं?’’ त्याच्या थट्टेत थोडा अभिमानही होता. तो मी सोडायला तयार नव्हतो.

पहिल्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी जोशी सरांनी सांगितलं, पुनर्नोंदणी विहित मुदतीत करून घ्या, ती निकालाशी जोडलेली नाही. मग नेहमीप्रमाणे विचारलं, समजलं ना? निकालाशी जोडलेली नाही म्हणजे नक्की काय, हे मला समजलं नव्हतं. मागच्या बाकावरून हर्सूलच्या गृहस्थांनी घसा साफ केला होता, कदाचित ते विचारणार होते. पण त्याआधी मी म्हणालो, हो सर. सरांनी वही मिटली.

घरी आल्यावर वहिनींनीच तो विषय काढला. त्यांनी पुस्तिकेतल्या एका पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. त्या म्हणाल्या, ‘‘भावजी, इथं लिहिलंय की दुसऱ्या वर्षाची नोंदणी निकालाची वाट न बघता करायची. तारीख बी दिलीय.’’

मी पान बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांपुढं पाचोडची शाळा होती. निकालाच्या दिवशी गुरुजी एकेक नाव वाचायचे, आणि नाव आलं की मग पोरगं उठून वरच्या वर्गाच्या रांगेत जाऊन बसायचं. माझा एक चुलतभाऊ आधीच जाऊन बसला होता, तर गुरुजींनी त्याला कान धरून परत आणला आणि अख्खी शाळा हसली. निकालाआधी वरच्या वर्गात नाव घालणं म्हणजे आमच्या लेखी लबाडी होती, आणि पकडले गेलो तर हसं होणार. मी म्हणालो, ‘‘ते परीक्षा बुडवणाऱ्यांसाठी असतं वहिनी. आपण पास होऊन ताठ मानेनं फॉर्म भरू.’’

वहिनींनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. ‘‘सरांनी तसं सांगितलं का?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग असंल,’’ त्या म्हणाल्या. दुमडलेला कोपरा त्यांनी सरळ केला आणि नखानं दाबून सपाट केला. मग डायरी ओढली आणि लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

निकाल लागला तेव्हा वहिनींना आमच्या केंद्रात सगळ्यात जास्त गुण होते. मी जेमतेम होतो. वहिनींनी शिरा करायला घेतला, ओळीतल्या आठही घरांत वाटायचा म्हणून मोठं पातेलं शेजारून आणलं. मी सुट्टी टाकून दोन्ही गुणपत्रकं घेऊन केंद्रावर गेलो. जोशी सरांनी वहिनींचं गुणपत्रक वाचून मान हलवली, छान आहे म्हणाले. मी दुसऱ्या वर्षाचे फॉर्म मागितले. त्यांनी चष्मा काढला. मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. आता पुढच्या वर्षीच. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते नुसतं म्हणाले, ‘‘मी विचारलं होतं हो. तुम्ही पहिल्या बाकावर होतात. तुम्हीच हो म्हणालात.’’

मी तेव्हाही म्हणालो, हो सर.

परत येताना बसमध्ये मी कितीतरी वाक्यं जुळवून पाहिली. त्यातलं एक वाक्य खरं होतं आणि ते सगळ्यात लहान होतं: वहिनी, तुमचं बरोबर होतं. खोलीत शिरलो तर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास होता, दादा जमिनीवर ताट घेऊन बसला होता आणि दारातून शेजारचं कुणीतरी म्हणत होतं, आले प्रोफेसर. मी म्हणालो की यंदा फॉर्मच आलेले नाहीत, विद्यापीठाकडूनच उशीर झालाय, आता पुढच्या वर्षी घेतील.

दादा म्हणाला, ‘‘सरकारी काम. लेकाचे कधी येळेवर करत्यात?’’

वहिनी माझ्या ताटात शिरा वाढत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘सगळ्यांचंच असं झालं?’’

‘‘सगळ्यांचंच.’’

त्या पातेलं घेऊन चुलीकडे वळल्या. मागच्या मशीनचा ठोका चालू होता आणि ताटं वाजत होती. मी शिरा सगळा खाल्ला. आणखी वाढू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हो म्हणालो.

दादानं बोटांवर वर्षं मोजली नाहीत, चिडलाही नाही. त्याचा शब्द त्याच्या जागी होता. एक वर्ष असंच गेलं, मग पदवीचं दुसरं वर्ष झालं, वहिनी त्यातही चांगल्या पास झाल्या, आणि तीन वर्षं संपली. ठरल्याप्रमाणे खोली सोडली. टेम्पोत गादी, पेटी, स्टीलची मांडणी चढली. वहिनींच्या कडेवर तेव्हा सहा महिन्यांचा मुलगा होता. मी शहरात राहणार होतो, कंपनीतल्या दोघांबरोबर. टेम्पोत बसण्याआधी वहिनींनी पोपटी पुस्तिका माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ‘‘तुमाला लागंल.’’ टेम्पो वळल्यावर मी ती उघडली. ते पान आपोआप उघडलं. कोपरा कितीही सपाट केला तरी दुमडीची रेघ राहते.

यानंतरची गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आणि ती लिहायला मला पहिल्या गोष्टीपेक्षा जड जातंय. तिसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा ती पुस्तिका सगळी वाचली. त्यात कमाल कालावधी म्हणून एक कलम होतं. तीन वर्षांची पदवी आठ वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, मध्ये खंड पडला तरी चालतो. म्हणजे वहिनींचं एकच वर्ष राहिलं होतं आणि त्याला अजून पुष्कळ अवधी होता. पाचोडला जाऊन हे सांगायला एसटीनं दीड तास लागत होता. मी सणाला जायचो, पुरणपोळी खायचो, पुतण्याला खांद्यावर घ्यायचो आणि परत यायचो. कलम सांगितलं असतं तर दादानं विचारलं असतं, एक वर्ष मुळात मागं पडलंच कसं. त्या प्रश्नापर्यंत जायची माझी तयारी नव्हती. आठ वर्षं अशी एकेक सणानं संपली. दादा नाही म्हणाला असता, असं मी मनाशी म्हणायचो. म्हणाला असताही. पण त्याला नाही म्हणायची संधी मी दिली नाही, आणि वहिनींना विचारायचीही.

मला पदवी मिळाली. घरातला पहिला पदवीधर म्हणून पाचोडच्या शाळेत शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. घरी दारात वहिनींनी मला ओवाळलं. त्या पदवीवर मला पॅकिंगमधून हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसात घेतलं आणि पुढची सगळी नोकरी मी खुर्चीवर बसून केली. औक्षणाच्या वेळी वहिनींच्या हाताला पिठाचा वास होता एवढं आठवतं. चेहरा आठवत नाही, कारण मी बघितलाच नव्हता.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात मला पाचोडहून फोन आला. त्या खांद्यावरच्या पुतण्याची बायको, अश्विनी, तिला बारावीनंतर शिकायचं होतं आणि वहिनींनी तिला मुक्त विद्यापीठात घालायचं ठरवलं होतं. दादा जाऊन आता चार वर्षं झाली. घरात वहिनींचा शब्द चालतो. प्रवेश कसा घ्यायचा ते समजावून सांगायला मला बोलावलं होतं. या वयातही मी तिकडे प्रोफेसरच आहे. मी पोचलो तेव्हा ओसरीत शेंगा फोडायचं काम चाललं होतं. वहिनी आत गेल्या आणि ती जुनी डायरी घेऊन आल्या. सुनेला म्हणाल्या, याच्यात सगळे शब्द हाईत, बघ उपयोग होतो का.

अश्विनीनं पानं उलटली आणि मला दाखवायला डायरी माझ्यापुढं धरली. डाव्या पानावर पुनर्नोंदणी. उजवीकडे वहिनींच्या सुबक अक्षरात: निकालाची वाट न पाहता, दिलेल्या तारखेच्या आत पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवणे. खाली कंसात पान नंबर. त्यावर एक सरळ रेघ मारलेली. आणि त्याखाली: निकाल लागल्यावर. कंसात, भावजी.

मी म्हणालो, ‘‘वहिनी, त्या वर्षी फॉर्म आले होते.’’

शेंगा फोडायचा आवाज थांबला नाही. त्या म्हणाल्या, ‘‘म्हाईत हाय.’’

मी विचारलं, कधीपासून. त्या म्हणाल्या, ‘‘पुस्तिका माझ्याजवळच व्हती की भावजी. तारीख छापलेली व्हती.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘कोणाला बोलू? ह्यांना कळलं असतं तर म्हणले असते, दोघांचं बी बंद करा, घरात खोटं नको. एकाचं तरी चालू राहू दे म्हणलं.’’ मग त्यांनी टरफलं सुपात लोटली. ‘‘तुमी कधी बोलताय ते बघत व्हते. लई दिस लावले.’’

त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती, आणि मी ती मागितली नाही. मागायला मला तोंड नव्हतं. कमाल कालावधीचं कलम तर मी तेव्हाही सांगू शकलो नाही. ते इथं पहिल्यांदा लिहितो आहे. हे छापून आलं की वहिनी वाचतील. त्या सगळं वाचतात.

अश्विनी अवघडून मोबाइलकडे बघत होती. फॉर्ममध्ये एका ठिकाणी ती अडली होती. तिनं विचारलं, ‘‘काका, हा क्रेडिट बँकेचा आयडी म्हणजे काय असतं?’’

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. क्रेडिट म्हणजे श्रेयांक, बँक म्हणजे बँक, एवढ्यावर मी पाच मिनिटं सहज बोलू शकलो असतो आणि ती पोरगी लिहून घेणार होती. डायरी अजून माझ्या मांडीवर उघडी होती. मी म्हणालो, मला माहीत नाही. शहरात गेल्यावर केंद्रावर विचारून कळवतो.

‘‘कळवू नका,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आत्ता लावा फोन. हितं, आमच्यासमोर.’’

मी फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून आवाज मोठा केला. पलीकडे कुणी तरुण मुलगी होती. तिनं भराभर सगळं सांगितलं, कुठल्या साइटवर जायचं, आधार कसं जोडायचं, कधीपर्यंत. वहिनींनी डायरीचं एक कोरं पान काढलं होतं, डाव्या बाजूला शब्द लिहून झाला होता आणि पेन उजव्या पानावर टेकलेलं होतं. मुलीनं शेवटी विचारलं, ‘‘समजलं ना सर?’’

‘हो’ माझ्या ओठांवर आलंच होतं. सवय फार जुनी होती.

‘‘नाही समजलं मॅडम,’’ मी म्हणालो. ‘‘पहिल्यापासून सांगा.’’